सेनापतीचा शब्द

कळव्याच्या काठावर उभे राहून ठाण्याकडे दृष्टी टाकली, तर खाडीच्या पलीकडे दगडी बांधणीचा एक जुना तट आहे. आज त्या तटाच्या आत कारागृह आहे. रोज त्याच्या जवळून ये-जा करणाऱ्यांचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही. परंतु १७३७ सालच्या चैत्रात, रामनवमीच्या आगेमागे, ह्याच काठावर रात्रीच्या काळोखात मराठ्यांची फौज दबा धरून उभी होती. मशाली विझविलेल्या होत्या, बोलणे बंद होते. समोरचा तो तट त्या वेळी पोर्तुगीजांचा होता आणि त्याचे बांधकाम अद्याप पुरे झालेले नव्हते.

त्या मोहिमेचा सूत्रधार होता एक तिशीतला तरुण. देहाने कृश, प्रकृतीने नाजूक, खोकल्याने वरचेवर हैराण होणारा. त्याचे नाव चिमाजी बल्लाळ. इतिहास त्याला चिमाजी अप्पा म्हणून ओळखतो.

थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू ही अप्पांची पहिली ओळख. दुर्दैवाने पुष्कळांच्या मनात तीच शेवटचीही ठरते. बाजीराव म्हणजे वीज! विजेशेजारी समई कोणाच्या डोळ्यांत भरणार? पण वीज चमकून जाते आणि घरात वावरायचे ते समईच्या उजेडात, हे पेशव्यांच्या घरातील माणसांस पुरते ठाऊक होते.

अप्पांचा जन्म १७०७ च्या सुमाराचा. वडील बाळाजी विश्वनाथ हे शाहू छत्रपतींचे पेशवे. आई राधाबाई मोठी करारी आणि व्यवहारी स्त्री. १७२० साली बाळाजीपंत सासवड येथे वारले, त्या वेळी बाजीराव जेमतेम वीस वर्षांचे होते आणि अप्पा तर, मुलांनो, तुमच्याच वयाचे होते. पेशवेपदाची वस्त्रे थोरल्या बंधूंस मिळाली. दरबारातील अनेक जुन्या मानकऱ्यांना ही गोष्ट रुचली नव्हती. हा पोरवयाचा पेशवा राज्याचा गाडा कसा हाकणार, अशी कुजबूज सातारच्या वाड्यात चालत असे.

बाजीरावांचा पाय घरात कधी ठरला नाही. आज माळव्यात, तर उद्या गुजरातेत. मग सातारला छत्रपतींपाशी कोणी राहावयाचे? हिशेब कोणी समजावून द्यावयाचे? रुसलेल्या सरदाराची समजूत कोणी घालावयाची? ही कामे अप्पांकडे आली. अंबाजीपंत पुरंदरे यांच्यासारख्या अनुभवी माणसाच्या सहवासात ते दरबारी कामकाज शिकले. कोणापुढे किती बोलावे, कोणते वर्तमान तत्काळ कळवावे आणि कोणते चार दिवस पोटात ठेवावे, रागावलेल्या माणसाला उत्तर देण्याआधी त्याचे सगळे बोलणे ऐकून कसे घ्यावे, ह्या गोष्टी रणांगणावर शिकावयास मिळत नाहीत. त्या अप्पांना लहान वयात शिकाव्या लागल्या. पुढे वसईच्या तटाखाली त्यांचा उपयोग तलवारीइतकाच झाला, असे मला वाटते.

पण म्हणून अप्पा केवळ दरबारी पुरुष होते असे कोणी समजू नये. १७२८ साली माळव्यातील अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. सुभेदार त्या लढाईत मारला गेला. १७३६ साली रेवसजवळ जंजिऱ्याच्या सिद्दी सात याला त्यांनी रणात गाठले. ह्याच सिद्दीने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाचा विध्वंस केला होता आणि त्याच्या नावाने कोकणातील लोक चळचळा कापत. तो त्या लढाईत पडला आणि कोकणाने निःश्वास सोडला. दरम्यान घरात अप्पांवर मोठे दुःख कोसळून गेले होते. १७३० साली पुत्र सदाशिव जन्मास आला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई निवर्तल्या. पुढे पानिपतावर लढलेले सदाशिवरावभाऊ ते हेच आईवेगळे मूल.

आता पुन्हा कळव्याच्या काठाकडे वळू.

वसई, साष्टी आणि आसपासचा मुलूख दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. वसई त्यांच्याकडे गेली ती १५३४ साली. त्या प्रांतास लोक फिरंगाण म्हणत. जबरदस्तीचे धर्मांतर, देवळांची मोडतोड आणि जाचक कर यांनी तेथील रयत गांजून गेली होती. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू वर्षानुवर्षे पेशव्यांकडे खेटे घालीत होते. दरवेळी काही ना काही अडचण निघे. तरी नाईकांनी चिकाटी सोडली नाही. खाडीची भरती कधी, ओहोटी कधी, नव्या किल्ल्याची कोणती बाजू अपुरी आहे, पहारे कोठे सैल आहेत, ही सारी माहिती ह्या भूमिपुत्रांपाशी होती. अप्पांनी त्यांचे बोलणे मनापासून ऐकले. पुण्यात बसून आखलेल्या बेतापेक्षा खाडीकाठच्या माणसाच्या माहितीला त्यांनी अधिक किंमत दिली.

आणि एकदा बेत ठरल्यावर तोंडाला कुलूप घातले. लष्कर कोठे जाणार याचा बभ्रा होऊ दिला नाही. सेनापतीचे बोलणे जसे मोलाचे, तसे त्याचे न बोलणेही. खंडोजी माणकर यांच्या हाताखालच्या तुकडीने कळव्याच्या बाजूने खाडी ओलांडली आणि फिरंगी सावध होईतो मराठे साष्टीच्या भूमीवर पाय रोवून उभे राहिले.

किल्ल्यात गोंधळ माजला. पोर्तुगीजांचा तेथील मोठा अधिकारी लुईश बोतेल्यु हा स्वतः किल्ला सोडून करंज्याकडे निघून गेला. मागे राहिलेल्यांनी मात्र शेवटपर्यंत लढावे, अशी त्याची आज्ञा होती. ह्या आज्ञेचा परिणाम काय झाला असेल याची कल्पना करणे अवघड नाही. जो धनी स्वतः होडीत बसून निघाला, त्याच्या तोंडचे शौर्याचे शब्द तटावरच्या शिपायाच्या कानांवर पडतात, पण काळजापर्यंत पोहोचत नाहीत. ठाणे पडले. पाठोपाठ आसपासची ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या हाती आली.

योगायोग पाहा. त्याच दिवसांत थोरले बंधू बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले होते. एक भाऊ यमुनेकाठी आणि दुसऱ्याची माणसे कळव्याच्या खाडीवर! दोघांमध्ये शेकडो कोसांचे अंतर, आणि एकमेकांचे वर्तमान कळण्यास सांडणीस्वार आणि जासूद यांच्यावाचून दुसरे साधन नाही.

ठाणे जसे झटपट आले, तशी वसई येईल असे पुष्कळांना वाटले होते. तसे व्हावयाचे नव्हते. १७३७ साली वसईवर केलेले हल्ले फसले. माणसे मेली, पावसाळा आला, दारूगोळा भिजला. पुढे फौजेचा मोठा भाग दुसरीकडे लागला. निजामाशी गाठ पडली तेव्हा बाजीराव भोपाळजवळ त्याला कोंडीत धरून बसले आणि निजामाचा मुलगा नासिरजंग बापाच्या मदतीस जाऊ नये म्हणून अप्पांना तापीच्या बाजूस ठाण मांडावे लागले. इकडे कोकणात पोर्तुगीजांनी पुन्हा डोके वर काढले. ठाणे परत घेण्यासाठी त्यांचा सेनापती पेद्रु द मेलु १७३८ च्या अखेरीस गलबते घेऊन खाडीत शिरला, पण तोफेच्या गोळ्याने तो तेथेच ठार झाला.

आता मात्र हे काम अर्धवट ठेवून चालणार नव्हते. अप्पा स्वतः कोकणात उतरले. बहिणीचे यजमान, इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे यांस त्यांनी गोव्याच्या बाजूने गुंतविले, म्हणजे तेथून वसईस कुमक येऊ नये. १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी घेतली आणि तारापूरच्या तटावर मराठे चढले.

तारापूर आले, पण बाजी भिवराव रेठरेकर गेला. हा वीर पेशवे बंधूंच्या अगदी जिवाभावाचा, घरातल्यासारखा. विजयाची नौबत झडत असता छावणीत शोककळा पसरली. पेशव्यांकडून त्याच्या आईस सांत्वनाचे पत्र गेले. तुमचा मुलगा गेला हे त्यात आडपडदा न ठेवता कळविले होते आणि त्याच्या जागी आता आम्हीच तुमचे, असा धीर दिला होता. मोहिमेच्या धामधुमीत, जेव्हा दर घटकेस दहा हुकूम सोडावे लागतात, तेव्हा एका आईसाठी कागद-लेखणी हाती घेणे हे कोणाला लहान काम वाटेल. ज्या शिपायांनी ते पत्र जाताना पाहिले असेल, त्यांना ते तसे वाटले नसावे. आपणही पडलो तर आपल्या घरी असेच कोणी कळवील, हा विश्वास पगारापेक्षा मोठा असतो.

फेब्रुवारीत वसईस वेढा पडला.

वसईचा कोट तुम्ही पाहिला नसेल, तर एकदा अवश्य पाहा. दोन बाजूंस समुद्र आणि खाडी, तिसरीकडे दलदल. मोठ्या फौजेने यावे अशी कोरडी जमीन काय ती एका बाजूस. त्या बाजूस भक्कम तट आणि बाहेर सरसावलेले बुरूज. बुरुजांवर तोफा. आजही कोटाच्या आत हिंडताना चर्चच्या उंच भिंती पाहून पूर्वीच्या वैभवाची कल्पना येते. अशा कोटाखाली वाळूत मोर्चे लावून मराठे बसले. दिवसा डोके वर काढले की गोळी येई. रात्री सुरुंग खणावे, तर आतील फिरंगी आवाजाचा मागोवा घेऊन उलट खणीत आणि मारा करीत. पोर्तुगीजही मोठ्या शर्थीने लढत होते, हे कबूल केले पाहिजे. त्यांचा सेनापती तोफेच्या माऱ्यात पडला, तरी त्यांनी निशाण खाली घेतले नाही. त्याची जागा कायतानु द सौझ परेरा याने घेतली आणि लढाई पूर्ववत चालू राहिली.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. वैशाखाचे ऊन वाळूवर भाजू लागले.

अप्पांच्या मनावरील ओझे किती असेल याचा थोडा विचार करा. समोर न पडणारा कोट. पाठीमागे पावसाळा, ज्येष्ठ लागला की समुद्र खवळणार, मोर्च्यांत पाणी भरणार आणि तीन महिन्यांची मेहनत वाहून जाणार. उत्तरेत इराणचा बादशहा नादिरशहा दिल्लीत शिरला होता आणि तेथे त्याने भयंकर कत्तल मांडली होती. तो दक्षिणेकडे वळला तर? बाजीरावांना त्याला तोंड देण्यासाठी फौज हवी होती आणि ती फौज, मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारख्या सरदारांसह, वसईच्या वाळूत गुंतून पडलेली. थोरल्या भावाची निकड खरी. इकडचे काम सोडले तर दोन वर्षांत पडलेल्या माणसांचे रक्त व्यर्थ, हेही खरे. त्यात स्वतःचे शरीर साथ देत नव्हते.

अशा वेळी पुष्कळ माणसे दोहोंपैकी एक करतात. कोणी चिडतो, हाताखालच्यांवर आग पाखडतो, दोष त्यांच्या माथी मारतो. कोणी सर्व काही ठीक आहे असे खोटेच सांगत सुटतो. शिपाई साधे असतात, पण भोळे नसतात. खोटा धीर त्यांना लगेच ओळखू येतो.

अप्पांनी तिसरी वाट धरली. त्यांनी सरदारांना एकत्र बोलाविले. त्या बैठकीची हकिकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अप्पांनी त्या दिवशी ना कोणाची निंदा केली, ना मोठमोठ्या बक्षिसांची लालूच दाखविली. वसई घ्यावयाची हा आपला निश्चय झाला आहे, एवढे त्यांनी सांगितले. आणि ते तुमच्या हातून होत नसेल, तर मला तोफेच्या तोंडी बांधून उडवा, म्हणजे माझे मस्तक तरी कोटात जाऊन पडेल, असे ते म्हणाले, असे सांगतात.

ही कथा प्रत्येक शब्दाने खरी आहे काय, असे माझे विद्यार्थी मला विचारीत. मी त्यांना सांगे की, बैठकीत कोणी लेखणी घेऊन बसले होते असे नाही. परंतु कथेचा गाभा पाहा. अप्पांनी प्रथम मस्तक मागितले ते स्वतःचे. तुम्ही मरा, असे त्यांनी म्हटले नाही. बोतेल्यु याने ठाण्यास दिलेली आज्ञा आणि अप्पांचे हे बोलणे शेजारी शेजारी ठेवा. दोघांनाही आपल्या माणसांनी जिवावर उदार व्हावे असेच हवे होते. एक होडीत बसून ते सांगत होता, दुसरा मोर्च्यात उभा राहून. ऐकणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागला नाही.

बोलणे झाले आणि लगेच कामाची वाटणी झाली. कोणी कोणत्या बुरुजावर जावयाचे, सुरुंग कधी पेटवावयाचे, निशाण दिसताच कोणी उठावयाचे, हे ठरले. नुसत्या आवेशाने तट पडत नसतात. आवेश ओसरण्यापूर्वी प्रत्येकाला आपली जागा कळावी लागते, हे जाणण्याइतके अप्पा व्यवहारी होते.

मे १७३९ च्या पहिल्या पंधरवड्यात निकराचा हल्ला झाला. सुरुंगांना बत्ती दिली. तटाचे दगड आकाशात उडाले, धुळीने दिवसा अंधार झाला आणि मराठे भगदाडाकडे धावले. तोच घात झाला. एक सुरुंग वेळेवर न उडता मागाहून उडाला आणि पुढे घुसलेली आपलीच माणसे त्याखाली सापडली. क्षणात शेकडो गेली. वरून फिरंग्यांनी बंदुका आणि पेटत्या दारूचा वर्षाव चालविला. हल्ला मागे रेटला गेला.

असा प्रसंग कोणत्याही सेनेची कंबर मोडणारा असतो. शत्रूच्या गोळीने भाऊ मेला तर संताप येतो, पण आपल्याच सुरुंगाने मेला तर संशय येतो, आणि संशय फार वाईट. मराठ्यांची सेना मात्र फुटली नाही. पुन्हा हल्ला झाला. पुन्हा माणसे पडली. शेवटी एका बुरुजावर मराठ्यांचे पाय ठरले आणि तेथून ते कोणत्याही माऱ्याने हलेनात. आतील दारूगोळा आणि माणूसबळ सरत आले होते. कोटावर पांढरे निशाण चढले.

मराठ्यांकडील पडलेल्यांचा आकडा पाच हजारांच्या घरात होता. एका कोटासाठी पाच हजार! गावोगावी किती चुली विझल्या असतील! त्या संतापाच्या भरात कोट लुटून जाळला जाता, शरण आलेल्यांची कत्तल होती, तर त्या काळच्या युद्धरीतीप्रमाणे कोणाला नवल वाटले नसते. दिल्लीत नादिरशहाने काय केले, ते सर्वांच्या कानांवर होतेच.

ह्या ठिकाणी अप्पांच्या शब्दाची दुसरी कसोटी लागली. आपल्या माणसांशी बोलणे एक वेळ सोपे. हरलेल्या शत्रूशी बोलणे कठीण. अप्पांनी तहाच्या अटी स्पष्ट लिहून दिल्या. कोटातील शिपायांनी आपली शस्त्रे घेऊन, नगारे वाजवीत, निशाणे फडकावीत मानाने बाहेर पडावे. ज्या रहिवाशांना जावयाचे असेल त्यांनी आपली चीजवस्तू घेऊन आठ दिवसांत गलबतांतून जावे. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. दोन्ही बाजूंच्या कैद्यांची सुटका व्हावी. आणि तितके दिवस मराठ्यांनी कोटात पाऊल टाकू नये.

ठरल्याप्रमाणे आठ दिवस मराठ्यांची सेना त्या मोडक्या तटाबाहेर थांबली. भगदाड समोर उघडे होते, आत संपत्ती होती, मनात आप्तांच्या मृत्यूचा डंख होता. तरी कोणी आत घुसले नाही. मग पोर्तुगीज निशाणे घेऊन बाहेर पडले, गलबतांत चढले आणि त्यानंतर मराठ्यांचा झेंडा वसईवर चढला. मला स्वतःला ह्या मोहिमेतील सर्वांत मोठा विजय तो आठ दिवसांचा वाटतो. अप्पांच्या औदार्याच्या इतरही कथा वसईकडे सांगतात. त्यांची शहानिशा करीत बसण्याचे मला प्रयोजन वाटत नाही. तहाची कलमे पुरेशी बोलकी आहेत. वसई परिसरातील ख्रिस्ती कुटुंबे आजही तेथे नांदत आहेत, शेती-वाडी करीत आहेत आणि त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते.

जाता जाता सांगावयाचे म्हणजे, अप्पांच्या विजयाच्या खुणा वसईपुरत्याच राहिल्या नाहीत. मोहिमेपूर्वी त्यांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला होता, असे सांगतात; विजयानंतर तेथे किल्ल्यासारख्या तटाचे मंदिर उभे राहिले. भीमाशंकरच्या देवळासमोर जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती ह्या मोहिमेत मिळालेली फिरंगी घंटा होय. तिच्यावर १७२९ हे साल कोरलेले आहे. मुंबईचे इंग्रजही सावध झाले आणि त्यांनी आपला कॅप्टन इंचबर्ड याला वसईस धाडून अप्पांशी तह केला.

आता अप्पांच्या एका पत्राविषयी थोडे. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशवे घराण्याचे गुरू. वसई आल्यावर अप्पांनी त्यांस युद्धाची हकिकत लिहून पाठविली. विजयाची बातमी कळविताना माणसाची लेखणी सैल सुटते. आपण केवढे शूर आणि शत्रू कसा भ्याड, हे लिहिण्याचा मोह कोणास होत नाही? अप्पांच्या पत्रात हा मोह दिसत नाही. फिरंगी कसे निकराने लढले, हे त्यांनी मोकळ्या मनाने लिहिले. असे युद्ध पूर्वी झाले नव्हते, असे सांगितले. सुरुंगाचा घोटाळा झाला, आपली माणसे नाहक गेली, हेही लपविले नाही. यशाचे श्रेय त्यांनी गुरूंच्या आशीर्वादास आणि लढणाऱ्यांच्या पराक्रमास दिले. द. ब. पारसनीस यांनी ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र पत्रव्यवहारासह प्रसिद्ध केले, म्हणून ही कागदपत्रे आपल्यापर्यंत आली. तुम्ही मोठे झालात म्हणजे ती मुळातून वाचा. त्या काळची मराठी प्रथम थोडी अडेल, पण दहा-बारा पत्रे वाचली की सरावाने कळू लागते आणि मग त्यातील माणसे जवळच बसून बोलत आहेत असे वाटते.

वसईनंतर अप्पांना फार दिवस लाभले नाहीत. १७४० च्या एप्रिलात नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव अकस्मात निवर्तले. अप्पांचा आधारच गेला. इकडे सातारच्या दरबारात पुन्हा तीच जुनी कुजबूज सुरू झाली. पेशवेपद दुसऱ्या घराण्यात जावे म्हणून काही मंडळी खटपटीस लागली. बाजीरावांचे वडील चिरंजीव बाळाजी, म्हणजेच नानासाहेब, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. अप्पा वयाने, अनुभवाने आणि कीर्तीने मोठे, ठाणे-वसईचे विजेते. त्यांनी स्वतःसाठी शब्द टाकला असता, तर तो सहज झिडकारला गेला नसता.

प्रकृती पार ढासळली असतानाही अप्पा पुतण्यास घेऊन सातारला गेले. वीस वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा ज्या दरबारात त्यांनी आपल्या थोरल्या भावाचा पक्ष धरला होता, त्याच दरबारात आता ते त्या भावाच्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. १७४० च्या जूनमध्ये शाहू छत्रपतींनी नानासाहेबांस पेशवेपदाची वस्त्रे दिली.

त्याच वर्षी, १७ डिसेंबर १७४० रोजी, चिमाजी अप्पांनी देह ठेवला. वय अवघे तेहतीस-चौतीस. पुण्यात मुठेकाठी ओंकारेश्वराचे देऊळ आहे, त्याच्याजवळ त्यांची समाधी आहे. दगडाची, साधी. पुण्यास गेलात तर विचारीत विचारीत जावे लागेल, पण सापडेल.